कानकोंडी

२१ ऑगस्ट, बुधवार

आज सकाळी ट्राममध्ये डावा इअरफोन मेला. उजवा आधीच खरखरत होता, म्हणजे जोडीनेच गेले म्हणायचं. आता नवे घेईपर्यंत ऑफिसात दिवसभर पर्निला ऐकायची. आमचं बांधकाम परवान्यांचं खातं म्हणजे एक मोठा हॉल, मध्ये एक भिंत नाही, आणि पर्निला बरोबर माझ्या समोर. तीन वर्षांपूर्वी आली. आता वाढदिवस कुणाचा साजरा करायचा, सहलीला कोण येणार, सगळं तीच ठरवते. कानामागून आली आणि तिखट झाली.

जेवताना साहेबांनी विचारलं, "इल्वा, गोदामाची फाइल गेली ना?" माझं लक्ष ताटात होतं. आणि तोंडातून भुरका निघून गेला.

आम्हा वरच्या, उत्तरेकडच्या लोकांचा होकार तो. तोंडाने 'हो' म्हणायचं नाही, ओठांचा चंबू करून श्वास आत ओढायचा, गरम कॉफीचा भुरका मारल्यासारखा. शुप्. झालं, हो म्हटलं. इथे दक्षिणेत गोटेबोर्गला बत्तीस वर्षं राहून मी ही सवय मोडली होती. मोडली होती असं वाटत होतं.

"अगंबाई, खिडकी कुणी उघडी टाकली?" पर्निला म्हणाली.

"खिडकी नाही गं, इल्वाच्या टायरमधली हवा गेली," पलीकडून कुणीतरी.

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले, वर पुन्हा एकदा मुद्दाम भुरका मारून दाखवला, माकडासारखा. घरी येताना तेच आठवत राहिलं. कुणी म्हटलं नव्हतं दाखव म्हणून.

२४ ऑगस्ट, शनिवार

पाचशे क्रोना, त्याच्या वर एक नाही, असं ठरवून दुकानात गेले. विकणारी बाई माझ्याच वयाची, पन्नाशीची. म्हणाली, "रोजचं ऐकायला हवेत की खास गाण्यासाठी?"

"रोजचं. ट्राम, ऑफिस, चालताना पुस्तक ऐकते ते. आणि रविवारी वडिलांचा फोन."

"मग आवाज नंतर, आधी कान बघू. कानात नीट बसले नाहीत तर पाच हजारांचेही फुकट." चपलेचं माप घ्यावं तसं तिने दोन्ही कान निरखले. "डावा लहान आहे हो तुमचा."

"घराण्यातून आलाय."

तिने वायरवाले पुढे केले. फोमची बोंडं, अडीचशे क्रोना. "या पैशात आवाज वायरमध्येच मिळतो. चार्जिंगची कटकट नाही, एक हरवला म्हणून रडणं नाही." खरं बोलत होती. पण ऑफिसात सगळ्यांच्या कानात बिनवायरचे पांढरे असतात, आणि गळ्यात वायर लोंबणारी मी एकटीच दिसणार. मी पांढऱ्यांकडे बोट दाखवलं. चारशे एकोणऐंशी.

"हेही वाईट नाहीत," बाई जरा नाराजीने म्हणाली. "बोलायला तर फारच छान. वारा, खरखर, श्वासाचा आवाज, सगळं गाळून टाकतात. समोरच्याला फक्त तुमचे शब्द जातात."

हे मला फारच आवडलं. म्हणजे ऑफिसच्या फोनवर चुकून भुरका निघालाच तरी कुणाच्या कानावर पडायचा नाही! लगेच घेतले.

२९ ऑगस्ट, गुरुवार

कान ठणकतोय. पांढरा डावा इअरफोन अर्ध्या तासात खुपायला लागतो, एका तासात कान लाल. तिन्ही मापांची रबरी बोंडं लावून पाहिली. लहान लावलं तर घसरतं, मधलं लावलं तर आतून टोचतं. काल ट्राममध्ये पडला आणि एका म्हाताऱ्या बाईच्या बुटाखाली जाता जाता वाचला. आवाज म्हणाल तर खालचा सूर एवढा फुगवलेला, की पुस्तक वाचणारी बाई पिंपात बसून वाचतेय की काय!

परत द्यायला गेले. तीच बाई होती. "कानात घातलेली वस्तू परत घेता येत नाही हो. मला वाईट वाटतं." तिला खरंच वाईट वाटत होतं, म्हणून मला जास्तच लाज वाटली. मुकाट्याने ते अडीचशेवाले वायरचे घेतले.

काय सांगू! कानात गेल्यावर फोम हळूहळू फुलतं आणि कान विसरून जातो की आत काही आहे. ढोल कमी, पण माणसाचा आवाज माणसासारखा. वाचणारीने पान उलटलेलं ऐकू आलं. वायर मी स्कार्फखालून घेते, म्हणजे दिसत नाही.

८ सप्टेंबर, रविवार

हे लिहायलाच हवं, नाहीतर उद्या मीच विसरून जाईन की मी काय केलं.

गुरुवारी पप्पाचा वाढदिवस. ब्याऐंशी. आई गेल्यापासून तो फोन कानाला उलटा धरतो, अर्धं बोलणं छताशी होतं. म्हणून विचार आला की ते पांढरे नुसते पडलेच आहेत. स्पिरिटने पुसले. न वापरलेली मोठी बोंडं लावली. डबीत घालून वर गोल पारदर्शक स्टिकर चिकटवलं, अगदी दुकानात असतं तसं. स्टिकर शोधायला दोन दुकानं फिरले. एवढ्या वेळात नवे घेऊन झाले असते.

कार्डावर लिहिलं, 'पप्पा, तुझ्यासाठी खास निवडले आहेत.' 'खास' लिहिताना पेन अडखळलं. तरी लिहिलं.

१५ सप्टेंबर, रविवार

इअरफोन पोचले. गावातल्या फिरत्या वाचनालयाच्या बाईने त्याला लावून दिले. सीव्हआत्या, म्हणजे पप्पाची धाकटी बहीण, शेजारच्याच घरात राहते, पण तिला यातलं काही कळत नाही.

आज कालव्याच्या कडेने चालत फोन केला. आणि पप्पाचा आवाज इतका स्वच्छ, की मी दचकले. त्याच्या फोनमागे नेहमी फ्रिज घरघरतो, घड्याळ वाजतं, दार उघडं असेल तर नदी. काहीच नाही. नुसता पप्पा.

"ऐकू येतंय का तुला?" तो म्हणाला.

"छानच! आवडले का?"

काही नाही. शांत.

"कानात नीट बसतात ना?"

पुन्हा शांत. मग एकदम म्हणतो, "बटाटे काढले. यंदा लहान आहेत."

स्पिरिटचा वास आला असेल का? चोराच्या मनात चांदणं. मी बटाट्यांचं इतकं विचारलं, इतकं विचारलं, की तोच कंटाळून म्हणाला, "अगं, बटाटेच आहेत."

२२ सप्टेंबर, रविवार

पप्पाच्या आतड्यात गाठ आहे. हे त्याने हवामान सांगितल्यावर सांगितलं. पंधरा ऑक्टोबरला मंगळवारी उमेओच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन, सोमवारी दुपारीच जायचं, रात्री तिथल्याच पेशंटांच्या हॉटेलात राहायचं. गाडी दवाखान्याची येते.

"कधी कळलं तुला?"

"ऑगस्टात."

"आणि मला आज सांगतोस? डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं ना?"

शांत.

"पप्पा, भीती वाटते का रे?"

शांत. मी थांबले. पुलाखालून एक होडी गेली, पार दिसेनाशी झाली, तरी शांतच. एवढं सगळं बोलतो आणि नेमकं विचारलं की तोंड शिवून बसतो. काहीतरी मनात धरून बसलाय हे नक्की. इअरफोनचं कळलंच असेल. किंवा नाताळातलं. नाताळात मी त्याला म्हटलं होतं की हे घर आता तुला झेपत नाही, तालुक्याला म्हाताऱ्यांचे छान फ्लॅट झालेत. तेव्हाही तो उठून लाकडं आणायला गेला होता.

२६ सप्टेंबर, गुरुवार

पर्निलाने आज माझ्या टेबलावर टेकून विचारलं, "चौदा-पंधराला बोटीने डेन्मार्क. आम्ही सहाजणी. साहेबांनी दोन दिवस दिलेत. येतेस?"

तीन वर्षांत पहिल्यांदा विचारलं तिने. मी म्हणाले, बघते. तोंडाने म्हणाले, नीट, शब्दांत. बोटीवर समुद्राकडे खिडकी असलेली खोली आहे म्हणे.

तारीख लक्षात आली नव्हती असं लिहिणार होते. आली होती.

२९ सप्टेंबर, रविवार

विचारलं. विचारलं नाही असं कुणी म्हणू शकणार नाही.

"पप्पा, मी येऊ का उमेओला? सोमवारी तिथे पोचते, तुझ्यासोबत राहते."

शांत. वायरवाल्या इअरफोनमध्ये शांतताही स्वच्छ ऐकू येते. मी मनात दहा अंक मोजले.

"येऊ ना?"

शांत.

गप्प बसला याचा अर्थ नको. नको असेल तर मी कशाला गळ्यात पडू? "बरं," मी म्हणाले. "मग तसंच करू."

"तसंच करू," पप्पा लगेच म्हणाला. अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "बरं झालं."

बरं झालं! पोटची पोर येत नाही तर बरं झालं. मला फार लागलं. घरी येऊन रडले थोडी. मग तोंड धुतलं आणि पर्निलाला मेसेज केला, येते म्हणून. पडत्या फळाची आज्ञा. रडू खरं होतं. पण मेसेज करायला मी उद्यापर्यंतही थांबले नाही, तेही खरं.

६ ऑक्टोबर, रविवार

पप्पा आज चक्क बोलका. सीव्हआत्याने कॉफीत घालायचं चीज केलंय, माझ्यासाठी वेगळं काढून ठेवलंय.

"पोस्टाने पाठवू नका हं," मी म्हणाले, "आल्यावर खाईन." नाताळाला अडीचच महिने राहिलेत.

"तेच म्हटलं मी तिला. खोली दोन खाटांची मिळालीय."

"अरे वा, म्हणजे सोबत आहे तुला." दुसरा कोणी पेशंट असेल, बरंच आहे, बोलायला माणूस.

यावर तो काही बोलला नाही. पण गप्प बसण्यातही आज राग वाटला नाही. काय ते त्याचं त्याला माहीत.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज फोन केला नाही. सामान भरत होते. उद्या सकाळी बोटीवर चढायच्या आधी करीन.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

बोटीवरून काल फोन लागला नाही. म्हणजे बोट सुटण्याआधी केला नाही, आणि सुटल्यावर लागला नाही. आज दुपारी डेन्मार्कच्या बंदरातून दवाखान्यात केला. नर्स गोड बोलली. ऑपरेशन नीट झालं, गाठ पूर्ण निघाली, झोपेत आहेत.

"तुम्ही वाटेत आहात का?" तिने विचारलं.

"नाही, मी लांब असते. गोटेबोर्गला."

"अस्सं," नर्स म्हणाली. मग पुन्हा, "अस्सं."

लांब राहणाऱ्या मुलींना उगाच नावं ठेवायची सवय असते काही लोकांना. मी परत येऊन बसले. पर्निला मला म्हणाली, "काय गं, तोंड का उतरलंय? ते तुझं टायरचं करून दाखव ना यांना." शेजारच्या टेबलावर डॅनिश लोक होते. मी दाखवलं. दोनदा दाखवलं. पप्पा तेव्हा शुद्धीवर यायचा होता.

२० ऑक्टोबर, रविवार

पप्पा काल घरी आला. आवाज बारीक झालाय.

"दुखतं का?"

शांत.

"जेवतोस ना?"

शांत. मग म्हणाला, "तुला काम निघालं असेल."

"कसलं काम?"

"नाही, काही नाही."

"पप्पा, रागावलायस का माझ्यावर?"

"नाही."

'नाही' मात्र लख्ख ऐकू येतं. पाच आठवड्यांत एक होकार नाही या माणसाच्या तोंडून, आणि नकार पाहा कसे ठणठणीत.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

ऑफिसात असताना सीव्हआत्याचा फोन आला. आत्या दिवसा फोन करत नाही. मी जिन्यात गेले.

"लाज वाटते का तुला थोडी?" हे तिचं पहिलं वाक्य.

"आत्या, काय झालं?"

"काय झालं म्हणे! यायचं नव्हतं तर तसं सांगायचं. माझा कंबरेचा सांधा गेलाय तरी मी जाणार होते त्याच्याबरोबर. तर हा म्हणतो, तू कशाला, इल्वा येतेय. वाण्याला सांगितलं, टपालवाल्याला सांगितलं, इल्वा येतेय. रविवारी तुझा फोन आला नाही तर म्हणतो, गाडीत बसली असेल. थर्मास भरून घेतला, दोन लाकडी पेले घेतले, चीज घेतलं. हॉटेलच्या दाराशी बाकावर बसला होता दुपारी बारापासून संध्याकाळी सहापर्यंत. उद्या पोट कापायचं त्या माणसाचं! तिथल्या मुलीने विचारलं, दुसरी खाट देऊ का कुणाला, तर नाही म्हणाला. गाडीला उशीर झाला असेल म्हणाला."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. "आत्या, पण तो नको म्हणाला मला. मी विचारलं, दोनदा विचारलं. तो गप्प बसला."

"गप्प? मी समोर बसले होते त्या दिवशी, बटाटे सोलत. तुझं मला ऐकू आलं नाही, पण त्याने हो म्हटलं ते आलं. दोन्ही वेळा म्हटलं."

"म्हटलं नाही, आत्या! मला ऐकू—"

"अगं, शुप् म्हटलं की!" आत्या ओरडली. "दुसरं कसं म्हणतात?"

संध्याकाळ

ही वही मागे उलटवून वाचली. २४ ऑगस्ट. माझ्याच अक्षरात आहे. वारा, खरखर, श्वास, सगळं गाळून टाकतात. 'हे मला फारच आवडलं.' पुढे उद्गारचिन्हसुद्धा आहे.

आवडले का, असं विचारलं तेव्हा तो हो म्हणाला. भीती वाटते का, तर हो म्हणाला. येऊ का, तर हो म्हणाला, आणि पुन्हा हो म्हणाला. मी म्हणाले तसंच करू, तो म्हणाला बरं झालं. ब्याऐंशी वर्षं ज्या एका आवाजात माणूस हो म्हणत आला तो आवाज मी दुकानातून पैसे देऊन गाळून घेतला.

यंत्रावर ढकलता येईल. आत्याला मी तेच सांगितलं, इअरफोनमध्ये दोष होता. ती म्हणाली, असेल बाई, मला त्यातलं कळत नाही. पण मला कळतं. मी त्या घरात अठरा वर्षं वाढले. आमच्यात गप्प बसून कुणी नको म्हणत नाही, नको हे तोंडाने म्हणतात. मला हे ठाऊक होतं. पंधरा सप्टेंबरलाच मला कळायला हवं होतं. एकोणतीसला मी तिसऱ्यांदा विचारलं नाही, कारण मला उत्तर नको होतं. समुद्राकडची खिडकी हवी होती. लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला इअरफोनचं नाव सांगता येणार नाही.

उद्या सुट्टी टाकून वर जाते. साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी 'नाही' म्हणाले. पर्निला काहीतरी बोलली. काय ते ऐकलं नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

काल दुपारी पोचले. बसमधून उतरले तर पप्पा अंगणात लाकडं रचत होता. डॉक्टरने वजन उचलायला मनाई केलीय. दुरून किती लहान दिसला. मला पाहून त्याने टोपी काढली, परत घातली, म्हणाला, "आज रविवार नाही."

"नाही."

"मग आत ये. बर्फ पडेलसं वाटतंय."

कॉफी त्याने केली, मला हात लावू दिला नाही. आत्याचं चीज कपात घातलं. टेबलावर चार्जरला लावलेली पांढरी डबी होती, तिच्याखाली माझं कार्ड. आज सकाळी नाश्ता झाल्यावर मी सांगायला घेतलं. हे इअरफोन श्वास गाळतात, तुझे होकार मला ऐकूच आले नाहीत, मला वाटलं तू नको म्हणतोयस. त्याने सगळं ऐकून घेतलं. डबी उघडली, एक इअरफोन बोटांत धरून उजेडात फिरवला.

"एवढंसं आहे," तो म्हणाला. "आणि एवढं गाळतं?"

"आणि पप्पा, ते तुझ्यासाठी घेतले नव्हते. मी माझ्यासाठी घेतले होते. मला डावीकडे टोचायचे म्हणून तुला पाठवले. 'खास निवडले' हे खोटं लिहिलं मी."

"ते माहीत होतं."

"कसं?"

"डबीत तुझा केस होता. लाल." तो इअरफोन डबीत जागच्या जागी ठेवू लागला. जरा वेळ लागला, त्याची बोटं जाड आहेत. "म्हटलं, स्वतःचे काढून दिले पोरीने."

खिडकीतून उजेड त्याच्या गालावर पडला होता आणि मला त्याचा डावा कान दिसला. उजव्यापेक्षा लहान. काठावर लाल झालेला, आत खपली. मी दुकानात त्या बाईला म्हटलं होतं ना, घराण्यातून आलाय. कुणाच्या घराण्यातून, हा विचार मी डबी पुसताना, स्टिकर शोधताना, कार्ड लिहिताना एकदाही केला नव्हता.

"पप्पा, तुलाही टोचायचे का रे?"

त्याने ओठांचा चंबू केला. शुप्.

"दर रविवारी?"

शुप्. कसलं यंत्र नाही, मध्ये वायर नाही, टेबलाच्या पलीकडून, स्पष्ट. मागे फ्रिज घरघरत होता, घड्याळ वाजत होतं.

"मग काढून का नाही टाकलेस?"

"तू निवडले होतेस," तो म्हणाला, आणि कॉफी ओतायला उठला. बोटीचं मी अजून सांगितलेलं नाही. आत्ता हे लिहितेय तर तो कोठीत खुडबुडतोय, ते दोन लाकडी पेले जागेवर टांगतोय. दोन आठवडे ते पिशवीतच होते. मी पेन खाली ठेवून मघाशी त्याला विचारलंच, ज्यासाठी एवढ्या लांब आले होते ते.

"पप्पा, त्या सोमवारी खूप वाट पाहिलीस का माझी?"

माझी पाठ त्याच्याकडे होती. मी कान देऊन बसले, भुरक्यासाठी.

"नाही," पप्पा म्हणाला. मोठ्याने, शब्दात, लख्ख ऐकू येईल असं.